खडी जागेवर, बर्फ बाजूला

अमेरिकेच्या उत्तरेकडील व्हरमाँट, मेन, मिशिगन, मिनेसोटा या राज्यांत गावाबाहेरची घरे मोठ्या रस्त्यापासून बरीच आत असतात. मोठ्या रस्त्यावरचा बर्फ हटवण्याची जबाबदारी टाउनची किंवा कौंटीची असते. तिथून घरापर्यंतचा रस्ता मात्र मालकानेच मोकळा ठेवायचा. हा रस्ता पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, सहज भरतो आणि बहुधा खडी-मुरमाचा असतो. व्हरमाँटमध्ये तर सार्वजनिक रस्त्यांपैकीही निम्म्याहून अधिक विनाडांबरी आहेत. एकट्या घरासाठी डांबर टाकणे परवडत नाही, आणि जमिनीतले पाणी गोठून फुगले की डांबराला भेगा पडतात. खडीचा रस्ता वसंतात पुन्हा सारखा करून घेता येतो. हिवाळ्यात तो बंद राहिला तर नोकरीवर जाणे अडते ते वेगळेच. घर तापवण्यासाठीचा प्रोपेन किंवा तेलाचा टँकर, अग्निशमन दलाची गाडी आणि अॅम्ब्युलन्सही दारापर्यंत येऊ शकत नाही.

यंत्र निवडण्याआधी बर्फाचे वजन डोळ्यांसमोर आणावे. ४०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद रस्त्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला तर तो २४० घनमीटर होतो. ताज्या, कोरड्या बर्फाचे वजन घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. म्हणजे एका रात्रीत सुमारे २४ टन. हाच बर्फ पावसाळलेल्या हवेत पडलेला, ओला असेल तर घनमीटरला २५० किलो भरतो आणि तोच आकडा ६० टनांवर जातो. फावड्याने हे काम होत नाही. त्यात असे एकच वादळ येत नाही. सुपीरियर सरोवरात घुसलेल्या मिशिगनच्या किविनॉ द्वीपकल्पावर सरोवरावरून वाहणारे थंड वारे वाफ उचलून आणतात आणि वर्षाला सरासरी ५ मीटरहून अधिक बर्फ ओततात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच, म्हणजे जवळपास १० मीटर बर्फाची नोंद झाली. अर्थात पडलेला बर्फ दबत जातो, त्यामुळे तो दहा मीटर उंच साचत नाही. तरी बाजूला सारलेला बर्फ एप्रिलपर्यंत कुठेही जात नाही, ही गोष्ट यंत्र विकत घेताना हमखास विसरली जाते.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट पात्याच्या खाली असते. चांगला खडीचा रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. हा कॅम्बर साधारण चार टक्के ठेवतात, म्हणजे मध्यापासून दीड मीटर अंतरावरच्या कडेला सुमारे सहा सेंटिमीटर उतार. खडीचे दगड बारीक मुरमात घट्ट बसलेले असतात आणि दबाईमुळेच रस्ता टिकतो. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडतो तेव्हा जमीन अजून गोठलेली नसते. त्या वेळी पोलादी पाते जमिनीला टेकवून फिरवले तर बर्फासोबत खडीही निघते आणि साइडपट्टीवर किंवा घरासमोरच्या गवतावर जाऊन पडते. सपाट पाते उंच मध्यभागावर अधिक घासते, त्यामुळे कॅम्बर उतरतो, पाणी रस्त्यावरच थांबते आणि मार्च-एप्रिलच्या चिखलाच्या हंगामात चाके रुतू लागतात. म्हणजे बर्फ काढण्यातली चूक बर्फ वितळल्यावर दिसते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पहिल्या एक-दोन वादळांत तळाचा तीन ते पाच सेंटिमीटर बर्फ तसाच सोडायचा आणि गाडीच्या चाकांनी तो दाबून घ्यायचा. तो खडीच्या फटींत बसून गोठतो आणि हिवाळाभर फरसबंदीसारखा टिकतो. त्यानंतर पाते त्यावरून निर्धास्त फिरवता येते. न्यू इंग्लंडमधली गावे मोटारगाड्या येण्याआधी हेच करत असत. तेव्हा बर्फ काढायची गरजच नव्हती, कारण घोड्यांच्या घसरगाड्यांना बर्फ हवाच होता; घोड्यांनी ओढलेले लाकडी रोळ फिरवून तो नुसता दाबत. आजही खडीच्या रस्त्यावर बर्फ पूर्ण खरवडून काळी जमीन दाखवणारा माणूस कामसू वाटतो, पण तो रस्त्याचे नुकसान करत असतो.

पाते जमिनीपासून वर ठेवण्याच्या काही युक्त्या आहेत. बहुतेक पात्यांच्या मागे बशीसारख्या लोखंडी टेकण्या येतात. त्यांना तिथे शूज म्हणतात. वॉशरची संख्या बदलून पात्याची उंची ठरवता येते. जमीन मऊ असेल तर मात्र या लहान टेकण्या रुतून बसतात. म्हणून अनेक जण लोखंडी किंवा जाड पीव्हीसी पाइप लांबीत चिरून पात्याच्या खालच्या धारेवर चढवतात. गोल पाइप खडीवरून घसरत जातो, दगड उचकटत नाही, आणि पात्याचे वजन पूर्ण रुंदीवर वाटले जाते. जमीन पक्की गोठली की पाइप काढून ठेवतात. रबरी किंवा पॉलियुरेथेनची धारही मिळते. ती खडीला जपते, पण घट्ट बसलेला बर्फ तिच्याने निघत नाही. घेताना पात्याची दगडाला अडखळण्याची व्यवस्थाही पाहावी. काही पात्यांची फक्त खालची धार स्प्रिंगवर मागे दुमडते, तर काहींमध्ये संपूर्ण पाते पुढे झुकते. दुमडत्या धारेच्या पात्यात पुढचा बर्फ सांडत नाही आणि डांबरावर ते सोयीचे असते. दगड, मुळे आणि उंचसखल जमीन असलेल्या रस्त्यावर पूर्ण झुकणारे पाते यंत्राला बसणारे धक्के अधिक सोसते.

आता यंत्रे. बर्फ हटवण्याच्या मुळात दोनच पद्धती आहेत: ढकलणे आणि फेकणे. पाते ढकलते, स्नोब्लोअर फेकतो. ढकलणे वेगवान आणि स्वस्त. पण ढकललेल्या बर्फाला कडेला जागा लागते. फेकणे संथ, पण बर्फ पाच-दहा मीटर लांब जाऊन पसरतो आणि रस्ता अरुंद होत नाही. फेकण्याची कल्पना आधी रेल्वेसाठी सुचली. टोरांटोतील जे. डब्ल्यू. एलियट या दंतवैद्याने १८६९ साली फिरत्या पात्यांच्या रेल्वे-नांगराचे पेटंट घेतले. रस्त्यावर चालणारा स्नोब्लोअर क्यूबेकच्या आर्थर सिकार याने १९२५ साली तयार केला आणि दोन वर्षांनी तो माँट्रिऑलजवळच्या उत्रमाँ या गावाला विकला. भारतात दर वसंतात झोजी ला खिंड उघडतानाची जी छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, त्यांतही सीमा सडक संघटनेची बर्फाचा फवारा उडवणारी यंत्रे असतात. दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती असलेल्या ठिकाणी ढकलायला जागाच उरत नाही, म्हणून तिथे बुलडोझरच्या जोडीला फेकणारे यंत्र लागतेच. खासगी रस्त्यावरही फेब्रुवारीत हीच अडचण लहान प्रमाणात येते.

हाताने चालवण्याचा स्नोब्लोअर अंगणापुरता उत्तम. त्यातही एकटप्पी आणि दोनटप्पी असा फरक आहे. एकटप्पी यंत्राचा स्क्रू जमिनीला घासतो आणि बर्फासोबत दगडही बंदुकीच्या गोळीसारखे उडवतो, म्हणून खडीवर तो वापरूच नये. दोनटप्पी यंत्रात स्क्रू बर्फ गोळा करतो आणि मागचा पंखा तो नळकांड्यातून फेकतो. टेकण्या लावून त्याचे तोंड जमिनीपासून उचलून ठेवता येते. पण ४०० मीटरसाठी वेळेचा हिशेब करावा. सुमारे ७० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्राने ३ मीटर रस्त्याला पाच फेऱ्या लागतात, म्हणजे दोन किलोमीटर चालणे. भरल्या बर्फात ताशी एक-दीड किलोमीटरच्या गतीने त्याला दीड ते दोन तास जातात. उणे पंधरा अंशांत, कामावर जाण्याआधी.

चारचाकी एटीव्हीला सव्वा ते दीड मीटरचे पाते लावता येते. विंचने ते वर-खाली होते, वाहन हलके असते आणि उन्हाळ्यात शेतावर, जंगलात उपयोगी पडते. पंधरा सेंटिमीटरपर्यंतच्या कोरड्या बर्फात हा जोड सुरेख चालतो. त्याहून जास्त किंवा ओला बर्फ आला की वाहनाचे वजन कमी पडते आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. मोठे वादळ चालू असताना दर काही तासांनी बाहेर पडण्याची तयारी असणाऱ्यांनीच हा पर्याय घ्यावा.

पिकअप ट्रकला लावलेले पाते हा सर्वांत दिसणारा पर्याय. सव्वादोन मीटरचे पाते तीस अंशांत तिरके केले की दोन मीटरच्या आसपास रस्ता साफ करते. जाताना एक पट्टा, येताना दुसरा, आणि वळणे धरून दहा मिनिटांत काम होते. गाडीची कॅब गरम असते, हेही कमी नाही. पण ३०० ते ४०० किलोचे पाते पुढच्या अॅक्सलच्याही पुढे लोंबते. प्रत्येक पिकअपच्या पुढच्या अॅक्सलची भारमर्यादा दरवाजाजवळच्या पट्टीवर छापलेली असते, आणि हलक्या पिकअपमध्ये ती पात्यासकट लगेच ओलांडली जाते. म्हणून जड बांधणीचा पिकअप निवडावा, आणि तोल राखण्यासाठी मागच्या अॅक्सलच्या मागे वाळूच्या गोण्या पक्क्या बांधाव्यात. सुट्या ठेवलेल्या गोण्या जोराच्या ब्रेकला पुढे धावतात. पुढे-मागे करताना गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय गिअर बदलला तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एका हिवाळ्यात जुना होतो. वर उचललेले पाते रेडिएटरची हवा अडवते, म्हणून लांब जाताना ते तिरके ठेवतात. खोल साचलेल्या बर्फात आधी वाट फोडायची असेल तर मध्ये सांधा असलेले व्ही आकाराचे पाते सरळ पात्यापेक्षा बरे. किंमत अर्थातच जास्त.

पिकअपची खरी मर्यादा हंगामाच्या उत्तरार्धात कळते. प्रत्येक वादळात कडेचे ढीग थोडे आत सरकतात आणि गोठून सिमेंटसारखे कडक होतात. डिसेंबरात चार मीटर रुंद असलेला रस्ता फेब्रुवारीत अडीच मीटरवर येतो आणि पात्याला बर्फ टाकायला जागाच उरत नाही. जाणकार म्हणूनच पहिल्याच वादळात रस्त्याच्या रुंदीपलीकडे, साइडपट्टी ओलांडून बर्फ ढकलतात. पहिल्या बर्फाला ते वेडेपणाचे वाटते. मात्र चर आणि मोरीचे तोंड त्या ढिगाखाली बुजणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. नाहीतर वितळलेले पाणी रस्त्यावरूनच वाहते.

अशा रस्त्यासाठी सर्वांत समतोल पर्याय म्हणजे २५ ते ४० अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्याची मागची बाजू अनोळखी वाटणार नाही: तोच थ्री पॉइंट लिंकेज आणि रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवणारा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा तोच पीटीओ. त्यावर दीड-पावणेदोन मीटरचा स्नोब्लोअर बसतो. दोन फेऱ्यांत, ताशी दोन-अडीच किलोमीटरने, ४०० मीटर रस्ता वीस-पंचवीस मिनिटांत होतो आणि बर्फ कुठे टाकायचा हा प्रश्नच उरत नाही. मागे लावलेल्या ब्लोअरची एकच मोठी गैरसोय आहे: ट्रॅक्टर उलटा चालवावा लागतो, आणि लांब रस्त्यावर मान अवघडते. पुढे लावण्याचा ब्लोअर चालवायला सोपा, पण त्याला ट्रॅक्टरच्या मधोमध असलेला वेगळा पीटीओ लागतो आणि जोडणीचा खर्च बराच वाढतो. पुष्कळ जण मधला मार्ग काढतात: पुढे लोडरच्या जागी तिरके होणारे पाते, मागे ब्लोअर. लहान बर्फाला पाते, मोठ्याला ब्लोअर. शिवाय मागचा जड ब्लोअर पुढच्या पात्याला तोलून धरतो. नुसते लोडरचे बकेट मात्र लांब रस्त्याला निरुपयोगी; ते भरते, थांबते, रिकामे करावे लागते.

ट्रॅक्टरच्या टायरकडे दुर्लक्ष करू नये. रुंद, टणक औद्योगिक टायर बांधकामावर टिकतात, पण गोठलेल्या थरावर घसरतात; शेतीचे उंच कड्यांचे टायर चिखलात पकडतात, बर्फाच्या कडक थरावर तेही सैल पडतात. उतार असेल तर मागच्या चाकांना साखळ्या हव्यातच. उतारावर एक धोका विशेष आहे. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. पुढे लोडर भरलेला असेल तर मागचे वजन कमी होते आणि ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर खाली घसरत जातो. फोर-व्हील ड्राइव्ह चालू ठेवला की पुढची चाकेही रोध देतात, म्हणून उतरताना तो बंद करू नये. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण घट्ट होऊन फिल्टर बुजतो. हिवाळी डिझेल आणि इंजिन गरम ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर ही दोन्ही खरेदीचाच भाग समजावीत.

स्किड स्टिअर ताकदवान असतो आणि पेटीसारखे मोठे पाते लावून गोदामांची आवारे झटपट मोकळी करतो. पण चाके घासत वळण्याच्या त्याच्या पद्धतीमुळे खडी उखडते. घरात आधीच असेल तर वापरावा, या कामासाठी मुद्दाम घेऊ नये. आणि वर्षाला चार-पाचच मोठी वादळे येत असतील, तर कोणतेच यंत्र न घेता हंगामाचा ठेका देणे शहाणपणाचे ठरते. ठेकेदाराला पाते किती वर ठेवायचे आणि बर्फ कोणत्या बाजूला टाकायचा, हे नोव्हेंबरातच सांगावे लागते. त्याचा पिकअप बिघडला तर काय, हाही प्रश्न असतोच. त्यामुळे दूरवर राहणारे अनेक जण ठेका असूनही एक दोनटप्पी ब्लोअर घरात ठेवतात.

उघड्या माळावर आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ जास्त असतो, आणि तिथे यंत्राचे गणित बदलते. पात्याने कडेला रचलेले ढीग वाऱ्याचा वेग कमी करतात, मग वाहता बर्फ नेमका दोन ढिगांमधल्या चरात, म्हणजे रस्त्यावरच साचतो. जितका नांगरावा तितका भरतो. अशा जागी यंत्रांमध्ये ब्लोअरला पर्याय नाही, कारण तो ढीगच ठेवत नाही. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बर्फाचे कुंपण. वायोमिंगमधील इंटरस्टेट ८० महामार्गाचा लॅरमीच्या पश्चिमेचा टप्पा १९७० साली खुला झाला आणि पहिल्याच हिवाळ्यात वाहत्या बर्फाने तो वारंवार बंद पाडला. पुढच्या वर्षापासून तिथे लाकडी कुंपणे उभी राहिली, आणि रोनाल्ड टॅबलर यांच्या अभ्यासातून त्यांचे नियम ठरले. कुंपण निम्मे पोकळ असावे, तळाशी थोडी फट असावी, आणि वाऱ्याच्या बाजूला रस्त्यापासून आपल्या उंचीच्या ३५ पट अंतरावर ते उभारावे. सव्वा मीटर उंच कुंपणासाठी हे अंतर सुमारे ४४ मीटर होते. कुंपण रस्त्याला चिकटून लावले तर त्याच्या मागे साचणारा ढीग थेट रस्त्यावरच येतो.

यंत्र कोणतेही असो, काही कामे जमीन गोठण्याआधी उरकावी लागतात. कॅम्बर नीट करून वर आलेले दगड वेचावेत. दोन्ही कडांना पंधरा-वीस मीटरवर चकाकत्या पट्ट्यांच्या काठ्या ठोकाव्यात. गोठलेल्या जमिनीत त्या शिरत नाहीत, आणि पहाटेच्या अंधारात पांढऱ्यात पांढरा झालेला रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो, हे दुसऱ्या कशाने कळत नाही. ब्लोअरच्या स्क्रूचे शिअर बोल्ट डझनभर आणून ठेवावेत. दगड अडकला की गिअरबॉक्स वाचवण्यासाठी हा बोल्ट मुद्दाम तुटतो. त्याच्या जागी घट्ट पोलादी बोल्ट लावणाऱ्याचा गिअरबॉक्स तुटतो. नळकांडे बर्फाने चोंदले तर इंजिन बंद करून काठीनेच साफ करावे. इंजिन बंद झाल्यावरही अडकलेल्या पंख्यात ताण शिल्लक असू शकतो आणि चोंदा निघताच तो फिरतो; बोटे जाण्याचे अपघात असेच होतात.

आपल्या रस्त्यावरचा बर्फ सार्वजनिक रस्त्यावर किंवा त्यापलीकडे ढकलणे मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत बेकायदा आहे, त्यामुळे फाटकाजवळचा ढीग आतल्या बाजूलाच बसवावा लागतो. मिठाचा मोहही टाळावा. साधे मीठ उणे नऊ अंशांखाली फारसे काम करत नाही, आणि त्याहून उबदार दिवसांत त्याचे पाणी मुरमात उतरून दबलेला पृष्ठभाग मऊ करते. उतारावर पकड हवी असेल तर वाळू किंवा बारीक खडी टाकावी. वसंतात ती रस्त्यातच मिसळून जाते. तोवर थोडीफार खडी कडेला गेलेलीच असते. जमीन सुकली की ट्रॅक्टरमागे बॉक्स ब्लेड लावून ती परत मध्यावर ओढतात, कॅम्बर उभा करतात आणि एखाद्या पावसाच्या सरीनंतर, मुरूम ओला असतानाच, दबाई करून घेतात.